मिनी ट्रॅक्टर नेमका किती ओढतो? द्राक्षबागेतल्या मोजणीच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४

खरड छाटणी उरकली, आता थोडा मोकळा वेळ आहे. काम हाती घेतलंय ते असं: आमचा २४ एचपीचा फोर-व्हील (चारही चाकांना जोर देता येणारा) मिनी ट्रॅक्टर वेगवेगळ्या जमिनीत किती किलोची ओढ देतो आणि त्या ओढीला चाकं किती घसरतात, हे मोजून काढायचं.

कारण निफाड भागातल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला माहीत आहे. फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटतात, कोवळे पोंगे निघतात, आणि त्याच दिवसांत परतीचा पाऊस गाठतो. पानावर ओल राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग दोन दिवसांत बाग धरतो. फवारणीला थांबायला सवड नसते, आणि काळ्या जमिनीत ट्रॅक्टर मागचा ब्लोअर (टाकीसह फवारणीचं यंत्र) ओढत नाही तोही नेमका तेव्हाच. मग मोठा ट्रॅक्टर आणून टोचन लावायचं, ओळीत हातभर खोल चाकोऱ्या पाडायच्या, ठिबकच्या नळ्या तुडवायच्या. दर वर्षी हेच.

यावर गावात दोन सल्ले मिळतात. एक, जास्त एचपीचा घ्या. दुसरा, आहे त्याचं वजन वाढवा. दोन्ही सल्ले देणारी माणसं अनुभवी आहेत. पण अडलेल्या ट्रॅक्टरला नेमकं किती किलो कमी पडतात, हे कुणीच सांगत नाही. तो आकडा हवा आहे.

२१ एप्रिल

थोडी पूर्वतयारी कागदावर.

ओढ आणि एचपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुकावर मिळणारी एचपी म्हणजे ओढ (किलो) गुणिले वेग (मीटर दर सेकंद) भागिले ७५. म्हणजे तीच एचपी कमी ओढ आणि जास्त वेग अशीही मिळते, किंवा जास्त ओढ आणि कमी वेग अशीही. लो गिअरमध्ये टाकलं की हिशेबानं ओढ वाढत जायला हवी, पण ती वाढते फक्त चाकाला जमिनीची पकड असेपर्यंत. त्यापुढे इंजिनात कितीही जोर असला तरी चाक जागेवर फिरतं.

हे मोजण्याची रीत शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १९१९ साली कायदाच झाला, की चाचणी झाल्याशिवाय ट्रॅक्टर राज्यात विकायचा नाही. जाहिरातीत एक आणि शेतात भलतंच, या अनुभवानं कंटाळलेले शेतकरी त्यामागे होते. १९२० पासून तिथे चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे, १९५५ ची. तिथल्या अहवालात ड्रॉबारचे (ट्रॅक्टरच्या मागच्या ओढण्याच्या दांड्याचे) आकडे असतात: कुठल्या गिअरला किती ओढ, किती वेग, किती स्लिप, म्हणजे चाकाची घसरण. ट्रॅक्टर घेताना मायलेज आणि लिफ्टची ताकद सगळे विचारतात, हा तक्ता मात्र कुणी उघडत नाही. उघडायला हवा.

पण त्या चाचण्या काँक्रीट किंवा डांबरी धावपट्टीवर होतात, आणि ते बरोबरच आहे. दोन ट्रॅक्टरांची तुलना करायची तर जमीन तीच हवी, आणि रोज तशीच राहणारी जमीन म्हणजे काँक्रीट. आम्हाला मात्र काँक्रीटवर द्राक्षं लावायची नाहीत.

२८ एप्रिल

वजनकाट्यावर गेलो. नुसतं एकूण वजन उपयोगाचं नाही, पुढचा आणि मागचा भार वेगळा हवा. आधी पूर्ण ट्रॅक्टर, मग फक्त मागची चाकं काट्यावर, मग फक्त पुढची. डिझेल टाकी भरलेली, सीटवर चालक.

एकूण ९९० किलो. पुढे ४२०, मागे ५७०. काटा दहा-दहा किलोनं सरकतो, त्यामुळे याहून बारीक हिशेबात अर्थ नाही.

दोन मापं टेपनं घेतली. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर १५२ सेंमी. ड्रॉबारच्या हुकाची जमिनीपासून उंची ३८ सेंमी. ३८ भागिले १५२ म्हणजे पाव. म्हणून दर १०० किलो ओढीला २५ किलो भार पुढच्या चाकांवरून निघून मागच्या चाकांवर येतो. वजन तेवढंच राहतं, फक्त जागा बदलतं. ओढताना ट्रॅक्टर मागे बसल्यासारखा दिसतो तो यामुळे.

याच हिशेबात एक जीवघेणी गोष्ट दडलेली आहे. साखळी ड्रॉबारला न अडकवता वर टॉप लिंकच्या कानाला अडकवली, तर उंची दुप्पट होते आणि पुढचा भार दुप्पट वेगानं उतरतो. त्यात अडलेल्या गाडीला लो गिअरमध्ये हिसका दिला तर ट्रॅक्टर मागच्या ॲक्सलभोवती उलटतो. चालकाला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी कायम ड्रॉबारलाच. आमच्याकडे हा नियम आधीही होता, आता त्यामागचा आकडाही भिंतीवर लिहून ठेवलाय.

५ मे

मोजायचं साधन. एस आकाराचा दोन टनी लोडसेल, दोन्ही टोकांना डी-शॅकल. सिग्नल वाढवायला एचएक्स७११ चं छोटं बोर्ड, नोंद ठेवायला अर्डुइनो आणि मेमरी कार्ड. सेकंदाला दहा वाचनं. ओढताना आकडा सतत वर-खाली नाचतो, म्हणून काट्यावरचा एखादा आकडा डोळ्यानं टिपण्यात अर्थ नाही. किमान वीस मीटर ओढीची सरासरी घ्यायची.

लोडसेलची खात्री करायला वर्कशॉपमधल्या चेन पुलीला तो टांगला आणि खाली लाकडी फळी. कृषी सेवा केंद्राच्या काट्यावर आधी वजन करून घेतलेल्या सिमेंटच्या गोण्या एकेक करून चढवल्या, पाचशे किलोपर्यंत. मग त्याच क्रमानं उतरवल्या. चढताना आणि उतरताना आकडे चार किलोच्या आत जुळले. शेतातल्या कामाला एवढं भरपूर.

स्लिप मोजायला कुठलाही सेन्सर लावला नाही. मागच्या टायरच्या बाजूवर चुन्याची जाड रेघ. रेघ बरोबर खाली आली की जमिनीत पहिली खुंटी. चाकाचे दहा फेरे मोजायचे, दहाव्याला रेघ खाली आली की दुसरी खुंटी. दोन खुंट्यांमधलं अंतर टेपनं. आमच्या ८.३-२० टायरला बिनओझ्याचे दहा फेरे म्हणजे २८.५ मीटर. ओढताना हेच दहा फेरे २५.६ मीटरमध्ये संपले, तर २.९ मीटर वाया गेले, म्हणजे स्लिप १० टक्के. वाकून चालत चाकाबरोबर जाणारा माणूस मात्र चांगला हवा. हे काम पुतण्यानं घेतलं, आणि तो फेरे मोठ्यानं मोजतो, हे फार उपयोगी पडलं.

१२ मे

पहिली मोजणी डांबरी रस्त्यावर. सकाळी सहाला, वाहतूक नसताना.

ओझं म्हणून मागे आमचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर. त्यावर दादा. मोठा ट्रॅक्टर गिअरमध्ये, इंजिन हळू चालू, म्हणजे इंजिनच ब्रेकचं काम करतं. गिअर बदलला की ओझं बदलतं, आणि मधलं बारीक ओझं पायातल्या ब्रेकनं. मध्ये साखळी आणि लोडसेल. साखळीवर ओली बारदानं टाकलेली, कारण तुटली तर ती सापासारखी उसळते. दोन्ही बाजूंना कुणीही उभं राहायचं नाही, हे आधीच बजावलं.

डांबरावर फोर-व्हील लावला नाही. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं फिरतील असंच गिअरिंग केलेलं असतं. मातीत हा फरक घसरून निघून जातो, पण कडक रस्त्यावर त्याला जायला जागा नसते आणि सगळा ताण पुढच्या गिअरबॉक्सवर येतो. रस्त्यावर फोर-व्हील लावून ट्रॉली ओढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

टू-व्हीलमधले आकडे: ३०० किलोला स्लिप ५ टक्के, ४५० ला ९, ५४० ला १५. त्यापुढे रबराचा वास आला, थांबलो. पंधरा टक्के ही मर्यादा चाचणीसंस्थाही रबरी टायरसाठी धरतात.

५४० किलोला मागच्या चाकांवरचा भार ५७० अधिक १३५, म्हणजे ७०५. पकडीचं गुणोत्तर, म्हणजे ओढ भागिले हा भार, ०.७७. डांबरासाठी हे अपेक्षेत बसतं, त्यामुळे मोजणीवर विश्वास बसला.

आता मुख्य गोष्ट. हे ५४० किलो लो गिअरमध्ये सेकंदाला एक मीटर वेगानं ओढले. म्हणजे हुकावर ७.२ एचपी. इंजिन २४ चं! बाकीची ताकद वापरलीच गेली नाही. मग वरच्या गिअरमध्ये घेतलं. तिथे ४८० किलो आणि २.४ मीटर वेगाला इंजिनचा आवाज बदलला, धूर काळा झाला. ती १५.४ एचपी. म्हणजे साधारण ताशी आठ किलोमीटरच्या खाली हा ट्रॅक्टर आधी घसरतो, त्याच्या वर आधी इंजिन दबतं. बागेत आम्ही ताशी चार-पाचच्या वर कधीच जात नाही. बागेतल्या वेगाला इंजिन अपुरं पडण्याचा प्रश्नच येत नाही.

“म्हणजे तीस एचपीचा घेतला असता तरी तिथंच रुतला असता का?” दादानं विचारलं. वजन आणि टायर हेच असते तर, हो.

१९ मे

बागेतली ओळ. नऊ फुटी अंतर, जमीन कोरडी, घट्ट, वर बारीक भेगा. मोठा ट्रॅक्टर ओळीत बसत नाही म्हणून बागेच्या कडेच्या तशाच पट्टीत ओढलं.

पंधरा टक्के स्लिपला टू-व्हील ३१० किलो, फोर-व्हील ४९०. त्याच जागी, त्याच गिअरमध्ये. टू-व्हीलमध्ये फक्त मागचं वजन कामाला येतं आणि पुढची चाकं नुसती ढकलली जातात. फोर-व्हीलमध्ये सगळे ९९० किलो कामाला लागतात. फोर-व्हीलचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे, असं विचारणाऱ्याला हे दोन आकडे दाखवावेत.

२ जून

रोटाव्हेटर मारलेल्या भुसभुशीत पट्टीत फोर-व्हील: २० टक्क्यांना ३६० किलो, २५ टक्क्यांना ३७५. पुढे ओढ वाढत नाही, नुसती माती मागे फेकली जाते. आज एवढंच. संध्याकाळी ढग आले.

७ जुलै

आजची नोंद मोठी, कारण याच दिवसासाठी सगळं केलं.

परवापासून चांगला पाऊस, काल दुपारपासून उघडीप. वाफसा (कामाजोगी ओल) यायला अजून वेळ आहे. मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो, बोटांचे ठसे चकचकीत उमटतात आणि गोळा टाकला तर फुटत नाही. ऑक्टोबरात फवारणीला उतरावं लागतं तेव्हा जमीन अशीच असते.

मोठा ट्रॅक्टर अशा जमिनीत घालायचा नाही, हे आप्पांनी आधीच सांगितलं होतं. “मोजायच्या नादात पट्टी घट्ट कराल, मग मुळं कुठून जातील?” म्हणून तो मुरमाच्या रस्त्यावर उभा केला आणि तीस मीटरचा वायर रोप लावला. मिनी ट्रॅक्टर ओल्या पट्टीत रस्त्याच्या रेषेत. रोपात ढील राहू द्यायची नाही, आधी हळूच ताणून घ्यायचा आणि मगच खुंटी मारायची. त्यावरही बारदानं.

फोर-व्हील: २५ टक्के स्लिपला २४० किलो. ४५ टक्क्यांना २६०, आणि तेव्हा चाक चालत नव्हतं, खणत होतं. टू-व्हील: ३० टक्क्यांना १२०.

डोळ्यानं पाहिलेलं लिहून ठेवतो, कारण आकड्यात ते दिसत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत टायरच्या उंच पट्ट्यांमधल्या खाचा मोकळ्या होत्या आणि जमिनीवर स्वच्छ ठसा उमटत होता. पाचव्या-सहाव्या फेऱ्यात खाचा भरल्या. त्यानंतर टायर काळ्या गुळगुळीत रुळासारखा झाला, आणि ओढ तिथेच पडली. लोडसेलच्या नोंदीतही तो क्षण सापडतो: २७० च्या आसपासचा आकडा दोन सेकंदांत २३० वर येतो. स्लिप थोडी वाढली तर माती फेकली जाऊन खाचा परत उघडतात, पण तेवढ्यात चाक खाली गेलेलं असतं.

दुपारी दुसरा अर्धा भाग: ओझं किती आहे? ब्लोअर रिकामा ३७० किलो, सहाशे लिटरची टाकी भरून ९७०. लोडसेल थेट ब्लोअरच्या दांड्यात लावता येत नाही, कारण दांडा ट्रॅक्टरवर काही भार खालीही टाकतो आणि लोडसेलला फक्त सरळ ताण चालतो. म्हणून जुनी दोन ट्रॅक्टरांची रीत वापरली. मिनी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, त्याला रस्त्यावरून मोठा ट्रॅक्टर ओढतो. आधी ब्लोअरशिवाय, मग ब्लोअर जोडून. दोन्हींची वजाबाकी म्हणजे ब्लोअरची ओढ. नांगर-कल्टिव्हेटरची ओढही अशीच मोजतात, अवजार टेकवून आणि उचलून.

कोरड्या ओळीत मे महिन्यात हेच केलं होतं: ट्रॅक्टर एकटा ६२, भरल्या ब्लोअरसह १२८, म्हणजे ब्लोअर ६६ किलो.

आज ओल्यात: ट्रॅक्टर एकटा १७०. भरल्या ब्लोअरसह ४१५. म्हणजे ब्लोअर २४५ किलो.

तोच ब्लोअर, तेवढंच पाणी, आणि ओढ जवळजवळ चौपट. दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरची पकड कोरड्यातल्या ४९० वरून निम्म्यावर आलेली. लागतात २४५, मिळतात २४०. दर वर्षी ट्रॅक्टर का अडतो ते आता कागदावर आहे. तो थोडक्यात अडतो, आणि हीच चांगली बातमी आहे. अर्धी टाकी ठेवून पाहिलं: १५० किलो. तेवढ्याला ट्रॅक्टर सहज जातो.

१४ जुलै

एक वेगळा मुद्दा, अडण्याइतकाच महत्त्वाचा. ब्लोअरचा पंप पीटीओवर (इंजिननं फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर) चालतो, म्हणजे मिनिटाला पडणारं औषध इंजिनच्या आरपीएमवर ठरतं. ट्रॅक्टर पुढे किती सरकला याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. स्लिप २० टक्के झाली की त्याच वेळात ट्रॅक्टर ८० टक्केच अंतर कापतो, आणि एकरी औषध सव्वापट पडतं. ओळीच्या कोरड्या टोकाला बरोबर मात्रा आणि मधल्या ओल्या भागात सव्वापट. कोवळ्या पोंग्यांवर हे चालत नाही, आणि अवशेषांच्या मर्यादा पाळणाऱ्या निर्यातीच्या बागेत तर अजिबात नाही. स्लिपमुळे डिझेल जातं हे सगळे म्हणतात. औषधाचा हिशेब बिघडतो हे मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

४ ऑगस्ट

वजन वाढवण्याचा सल्ला तपासला. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं, तीन-चतुर्थांश. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून, हवा बाहेर सोडत. चाकामागे साधारण पन्नास लिटर बसलं, म्हणजे शंभर किलो वाढ.

वाफशावरच्या जमिनीत फोर-व्हीलची ओढ ४३० वरून ४७५ झाली. चांगली वाढ.

पुढच्या पावसानंतर ओल्या पट्टीत: २४० वरून २५०. आणि न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टरला ओढायला १७० ऐवजी १९५ लागले. चाकोरीची खोली सात सेंमीवरून दहा. म्हणजे शंभर किलो वाढवून दहा किलो ओढ मिळाली, आणि बदल्यात मुळांच्या पट्ट्यात तीन सेंमी जास्त खोल घाव.

असं का? मातीची ताकद दोन गोष्टींनी बनते. एक, कणांचं एकमेकांवर घर्षण, जे वरून दाब वाढवला की वाढतं. दुसरं, चिकणमातीचा स्वतःचा चिकटपणा, जो दाबानं वाढत नाही. तो फक्त किती क्षेत्र पकडलंय यावर चालतो. फ्रेंच अभियंता कुलोम्बनं १७७० च्या दशकात भिंतीमागच्या मातीसाठी हा विचार मांडला. चाकाखालच्या मातीचं शास्त्र पुढे नेणारा बेकर हा पोलंडमध्ये घडलेला अभियंता, ज्याचं चाकांवरचं काम १९७१ साली चंद्रावर फिरलेल्या गाडीपर्यंत पोचलं, त्याच्या हिशेबाच्या मुळाशीही हेच आहे: जोर म्हणजे क्षेत्र गुणिले चिकटपणा, अधिक वजन गुणिले घर्षण.

वाळूत चिकटपणाचा भाग जवळजवळ शून्य, तिथे वजनच ओढतं. वाफशावरच्या काळ्या जमिनीत दोन्ही भाग काम करतात. पण पाण्यानं भरलेल्या काळ्या जमिनीत वरून टाकलेला दाब कणांवर जातच नाही, मधलं पाणी तो झेलतं. घर्षणाचा भाग गळून पडतो आणि उरतं फक्त क्षेत्र. म्हणून तिथे वजन टाकणं म्हणजे ट्रॅक्टर आणखी खाली घालणं.

नांगरटीला, उन्हाळी कामाला पाणी भरा, जरूर भरा. ऑक्टोबरच्या चिखलासाठी नाही. पाणी काढून टाकलं.

२२ सप्टेंबर

मग क्षेत्र वाढवायचं. रुंद टायर हा खरा उपाय, पण खर्चाचा, आणि नऊ फुटी ओळीत वळताना बाहेरची कड नळीवर जाण्याची भीती. त्याआधी फुकटचा उपाय: हवा.

मागच्या टायरला आम्ही नेहमी २२ पीएसआय ठेवायचो, पुढे २६. पंक्चरवाल्यानं एकदा भरली ती तशीच. टायर कंपनीच्या तक्त्यात आमच्या भाराला किती चालते ते पाहून मागे १४, पुढे १८ केली.

फरक बघायला टायरच्या खालच्या भागाला चुना फासला, जॅकनं चाक उचलून खाली जाड पुठ्ठा ठेवला आणि चाक त्यावर उतरवलं. पुठ्ठ्यावर टायरचा पाय उमटतो. २२ ला सुमारे १७५ चौरस सेंमी, १४ ला २३५. दोन पुठ्ठे शेजारी ठेवले तेव्हा आप्पा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “एवढा फरक? हवा तर हातानं दाबून कळतसुद्धा नाही.” पुठ्ठे वर्कशॉपमध्ये टांगलेत.

हवा कमी केली की टायर किंचित चपटा होतो, म्हणून शून्य स्लिपचं अंतरही नव्यानं घ्यावं लागतं. दहा फेऱ्यांना आता २८.२ मीटर.

ओल्या पट्टीत २५ टक्क्यांना २४० ऐवजी २८० किलो. पुठ्ठ्यावरचं क्षेत्र तिसऱ्या हिश्श्यानं वाढलं पण ओढ सहाव्या हिश्श्यानंच, कारण मऊ मातीत टायर मुळातच रुतून बसतो आणि तिथलं क्षेत्र पुठ्ठ्यापेक्षा मोठं असतं. तरी शंभर किलो पाण्यानं दिलं त्याच्या चौपट, आणि चाकोरी उथळ.

मग ब्लोअरच्या टायरकडे वळलो. खरं तर जास्त फायदा तिथेच होता. त्याचे टायर अरुंद आणि ३५ पीएसआयवर टणक भरलेले. ते चाक सुरीसारखं मातीत जातं आणि पूर्ण ओळभर स्वतःसमोर मातीचा बांध ढकलत राहतं. हवा २२ केली. भरल्या टाकीची ओढ २४५ ऐवजी २१०. ओढणाऱ्याकडून चाळीस मिळाले, ओढल्या जाणाऱ्याकडून पस्तीस. आधी पाच किलो कमी पडत होते, आता सत्तर शिल्लक. खर्च शून्य.

दोन सावधगिऱ्या. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फारच कमी केली आणि जोरात ओढलं तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. रिमवर आणि टायरवर समोरासमोर रंगाची खूण केली आहे, ती हलली की हवा वाढवायची. आणि रस्त्यानं ट्रॉली न्यायची असेल तर आधी हवा परत भरायची. कॉम्प्रेसर घरचा आहे म्हणून हे जमतं.

१३ ऑक्टोबर

कालच दसरा झाला, झेंडूची माळ अजून बॉनेटवर आहे. रात्री दीड तास पाऊस. बाग पोंग्यात, पहिली पानं उघडलेली. सकाळी फवारणी टाळता येणार नव्हती.

टाकी चारशे लिटरपर्यंत, कमी केलेली हवा, फोर-व्हील, दुसरा लो गिअर. ओळीत शिरण्याआधीच फोर-व्हील लावायचा, अडल्यावर नाही. एकदा चाकानं खड्डा केला की त्या खड्ड्याच्या काठावर चढायलाच निम्मी ओढ जाते. डिफ लॉकही (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) तसाच, वळणावर मात्र सोडायचा.

सखल भागातल्या ओळीत पुतण्यानं खुंट्या मारल्या: दहा फेऱ्यांना २४.४ मीटर. स्लिप साडेतेरा टक्के. उंचवट्याकडच्या ओळीत चार टक्के. या फरकानं सखल भागात एकरी औषध अकरा टक्के जास्त पडलं असतं, म्हणून तिथे गिअर तोच ठेवून नोझलची एक जोडी बंद केली. डोळ्याच्या अंदाजाऐवजी मोजलेल्या आकड्यावर नोझल बंद करण्याची ही पहिलीच वेळ.

टाकी भरायला जास्त खेपा झाल्या, त्यात वेळ गेला. पण टोचन लागलं नाही, आणि मोठा ट्रॅक्टर शेडमधून बाहेर निघाला नाही.

२७ ऑक्टोबर

पुढचं काम गवताच्या पट्टीचं. चार ओळींच्या मध्ये तण मुळासकट न काढता फक्त कापून ठेवलं होतं, दुसऱ्या चार ओळी रोटाव्हेटरनं स्वच्छ. पावसानंतर स्वच्छ ओळींत टायरच्या खाचा लगेच भरल्या. गवताच्या ओळींत शेवटपर्यंत मोकळ्या राहिल्या आणि स्लिप आठ-नऊ टक्क्यांच्या वर गेली नाही. मुळांचं जाळं जमिनीला वरून बांधून ठेवतं, हे दिसतंय. मात्र त्या ओळी थोड्या उंचावर आहेत, त्यामुळे एवढ्यावर निष्कर्ष काढत नाही. पुढच्या जूनमध्ये सखल भागातल्या ओळी घ्यायच्या, एकाआड एक: एकीत ताग पेरून कापलेला, एकीत कापलेलं गवत, एकीत मोकळी माती. तिन्हींत ओढ, स्लिप आणि चाकोरीची खोली एकाच दिवशी.

शेजारच्या गावातले दोन बागाईतदार लोडसेल मागून गेलेत. त्यांच्याकडे वीस एचपीचा टू-व्हील आहे आणि जमीन मुरमाड. देताना एकच अट घातली: वजनकाट्यावर पुढचा-मागचा भार वेगळा करून घ्यायचा, आणि टायरची हवा लिहून ठेवायची. नाहीतर त्यांचा आकडा आमच्या आकड्याशेजारी मांडता येणार नाही.